अल्लड, लाडिक, जराशी वेडपट: तारकांच्या ‘गोड’ प्रतिमेवरचा स्त्रीवादी वाद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमका वाद कशावर आहे?

ठिपक्यांचा फ्रॉक, गोल कॉलर, केसांत रिबीन, डोळ्यांवर येणाऱ्या बटा, थोडा बालिश आवाज, मध्येच गाणं गुणगुणायची सवय आणि जगाच्या व्यवहारात गोंधळून गेल्याचा भाव. पंचविशी-तिशी ओलांडलेल्या अनेक अभिनेत्री आणि गायिका अशा रूपात लोकांसमोर येतात, किंवा आणल्या जातात. काही स्त्रीवाद्यांच्या मते यातून असं शिकवलं जातं की, बाई लहान मुलीसारखी राहिली तरच ती प्रेमाच्या लायक ठरते. इतर स्त्रीवादी म्हणतात, फ्रॉक आणि रिबिनीला हलकं समजणं हीच मुळात जुनी पुरुषी खोड आहे. स्त्रियांचं भलं दोघींनाही हवंय, म्हणूनच हा वाद इतका चिवट आहे.

माझं मत आधीच सांगते. माझं भांडण कॉलरशी नाही. ती प्रतिमा त्या बाईला हवी तेव्हा उतरवून ठेवता येते का, आणि ती अंगावर असताना तिचं काम, तिचा पैसा, तिचा राग मोठ्या माणसाचा म्हणून धरला जातो का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हा वाद पेटला कधी?

आजच्या रूपात, २०११ च्या आसपास, अमेरिकेत. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फॉक्स वाहिनीवर ‘न्यू गर्ल’ ही मालिका सुरू झाली. तिची नायिका जेस म्हणजे झोई डेशनेल, तेव्हा ३१ वर्षांची. वाहिनीने मालिकेची जाहिरात ‘अडॉर्केबल’ या शब्दावर केली: गोडही आणि बावळटही. डेशनेलने त्याच वर्षी दोन मैत्रिणींबरोबर ‘हॅलोगिगल्स’ ही मुली-बायकांसाठीची वेबसाइट सुरू केली होती. ती गाणी लिहायची, गायची, जुन्या धाटणीचे फ्रॉक घालायची. बघता बघता अख्ख्या वादाचा चेहरा ती झाली.

त्याच वर्षी विनोदी लेखिका जूली क्लाउस्नर हिने प्रौढपणाची बाजू घेणारा एक लेख लिहिला. मोठ्या बायकांनी मुलींची सोंगं का घ्यावीत, असा तिचा सवाल होता, आणि तो खूप वाचला गेला. पुढच्या वर्षी ॲपलच्या फोनची जाहिरात आली. खिडकीबाहेर पाऊस दिसत असताना डेशनेल फोनलाच विचारते, हा पाऊस आहे का? तिच्यावर टीका करणाऱ्यांना यापेक्षा सोयीचा पुरावा मिळाला नसता.

टीका करणाऱ्यांचा मुद्दा काय? फक्त कपडे आवडत नाहीत म्हणून?

नाही. या टीकेची मुळं खूप खोल आहेत. स्त्रियांना कायमच्या बाल्यावस्थेत ठेवलं जातं, ही तक्रार मेरी वुलस्टनक्राफ्ट या इंग्लिश लेखिकेने १७९२ मध्येच केली होती. ज्याला मूल मानलं, त्याच्या वतीने निर्णय दुसरेच घेतात. मालमत्ता, मतदान, शिक्षण या सगळ्यांतून बायकांना बाहेर ठेवताना नेमकी हीच सबब पुढे केली गेली. ‘मुलगी’ म्हणून गोंजारून घेण्याबद्दल जुन्या पिढीतल्या स्त्रीवाद्यांच्या मनात जी अढी आहे, ती तिथून आली आहे आणि ती मला पूर्णपणे समजते.

दुसरा मुद्दा वयाचा. अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅगने १९७२ मध्ये वय आणि सौंदर्य यांवरच्या निबंधात दाखवून दिलं की, पुरुषाला देखणं ठरवण्याचे दोन साचे असतात: कोवळा मुलगा आणि पिकलेला पुरुष. पहिल्यातून बाहेर पडला की दुसरा त्याच्यासाठी तयार असतो. बाईसाठी साचा एकच, मुलीचा. म्हणून वय वाढलं तरी ती त्याच साच्यात स्वतःला कोंबत राहते. माझ्या मते या सगळ्या वादातलं सर्वात भक्कम विधान हेच आहे, कारण ते कुणा एकीला दोष देत नाही आणि तरीही तीस वर्षांच्या बाईच्या केसांत रिबीन कशी येते हे सांगतं.

तिसरा मुद्दा ‘क्यूट’पणाचा. कोनराड लोरेंझ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की आपल्यात जपण्याची ओढ जागी होते. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक सियान नाई यांनी २०१२ मध्ये त्यातली दुसरी बाजू उलगडली. जे गोड वाटतं ते आपल्यापेक्षा दुबळं असतं, आणि त्याला कुशीत घेण्याच्या इच्छेतच त्याच्यावर ताबा असल्याचं सुखही मिसळलेलं असतं.

आणि बाजू घेणाऱ्यांचा?

डेशनेलने स्वतःच उत्तर दिलं. २०१३ मध्ये ‘ग्लॅमर’ मासिकाशी बोलताना, चांगल्या सणसणीत शिवीसकट, तिने सांगितलं की मला स्त्रीवादीही व्हायचंय आणि पीटर पॅन कॉलरही (तीच गोल कॉलर) घालायची आहे, त्याने काय बिघडतं? ‘न्यू गर्ल’च्या पहिल्याच मोसमात याच वादावर एक भाग होता. एक करारी वकील जेसच्या गोडपणाची खिल्ली उडवते, तेव्हा जेस तिला सुनावते की मला चमकी आणि ठिपके आवडतात, पण म्हणून मी हुशार, चिवट आणि खंबीर नाही असं होत नाही.

यामागे गंभीर विचार आहे. जूलिया सेरानो या लेखिकेने २००७ मध्ये मांडलं की समाज फक्त स्त्रियांनाच नाही, तर बायकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कमी लेखतो. मुलीने पँट घातली तर ती धीट, मुलाने फ्रॉक घातला तर तो हास्यास्पद. खाली असलेल्याने वर चढावं, वरच्याने खाली उतरू नये, असा तो हिशेब आहे. बाई गंभीर वाटावी म्हणून तिने रंग, लाड, हसू सगळं टाकून द्यावं अशी अट घातली, तर आपणही तोच हिशेब मान्य केलेला असतो.

शिवाय, पोरीपणाचा वापर बंडासाठीही झाला आहे. १९९१ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावातून ‘रायट गर्ल’ ही पंक संगीतातल्या स्त्रीवादी मुलींची चळवळ उभी राहिली. ‘बिकिनी किल’ बँडची कॅथलीन हॅना मुलींना मैफलीत पुढे बोलवायची, पुरुषांना मागे सरायला सांगायची. त्याच काळात कोर्टनी लव्ह आणि कॅट ब्येलँड या रॉक गायिका फाटके बाहुलीसारखे फ्रॉक आणि विस्कटलेली लिपस्टिक अशा अवतारात मंचावर येऊन किंचाळत गायच्या. फ्रॉक तोच, पण कुशीत घ्यावंसं वाटू नये याची पुरेपूर काळजी घेतलेला. मला ही उदाहरणं फार मोलाची वाटतात. अर्थ कपड्यात नसतो, तो घालून बाई काय करते यात असतो.

‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ म्हणजे काय? ते डेशनेललाच का चिकटलं?

हे नाव समीक्षक नेथन रॅबिन यांनी जानेवारी २००७ मध्ये दिलं, ‘एलिझाबेथटाउन’ चित्रपटातल्या कर्स्टन डन्स्टच्या भूमिकेला. उदास, अबोल तरुणाच्या आयुष्यात एक खळाळती, विक्षिप्त मुलगी येते आणि त्याला जगायला शिकवते. तिला स्वतःचं घर, कर्ज, आई-वडील, ध्येय, कंटाळा काहीही नसतं. लेखकाने तिला नायकाच्या औषधापुरतं जन्माला घातलेलं असतं.

इथपर्यंत ते निदान अचूक होतं आणि त्याचा रोख लेखकांवर होता. पुढे घसरण झाली. ते लेबल पात्रांवरून अभिनेत्रींवर आलं आणि मग चष्मा लावणाऱ्या, जुनी गाणी ऐकणाऱ्या कोणत्याही खऱ्या मुलीवर. अभिनेत्री आणि पटकथालेखिका झोई कझान हिने २०१२ मध्ये त्यावर उघड आक्षेप घेतला. रॅबिन यांनी २०१४ मध्ये जाहीर लेख लिहून हे नाव जन्माला घातल्याबद्दल माफी मागितली. डेशनेलला ते चिकटलं ‘५०० डेज ऑफ समर’ या २००९ च्या चित्रपटामुळे. खरं तर नायक समोरच्या मुलीचं म्हणणं ऐकतच नाही, हाच त्या कथेचा विषय आहे. तो लक्षात न घेता प्रेक्षकांनी नायकाचीच नजर उचलली.

हे सगळं नवीन आहे ना?

अजिबात नाही, आणि या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मेरी पिकफर्डची गोष्ट समजली की बाकीचं बरंच समजतं.

१८९२ मध्ये टोरंटोत जन्मलेली पिकफर्ड मूकपटांच्या काळातली जगातली सर्वांत लोकप्रिय अभिनेत्री होती. सोनेरी कुरळे केस ही तिची ओळख. १९१७ मध्ये, पंचविशीत, ती अकरा वर्षांच्या मुलीची भूमिका करत होती. १९२५ मध्ये, ३३ व्या वर्षी, गल्लीत हाणामाऱ्या करणाऱ्या पोरीची. ती लहान दिसावी म्हणून सेटवर खुर्च्या, टेबलं, दारं मुद्दाम मोठी बनवली जात.

पडद्यामागे मात्र ती घरची कमावती होती, लहानपणी वडील गेल्यापासून. १९१६ च्या करारानुसार तिला आठवड्याला १० हजार डॉलर आणि चित्रपटांच्या नफ्यात वाटा मिळत होता. १९१९ मध्ये चार्ली चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्याबरोबर तिने ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. वाटाघाटीत तिची धास्ती घेतली जायची.

१९२५ मध्ये ‘फोटोप्ले’ मासिकातून तिने वाचकांना विचारलं की मी आता कोणत्या भूमिका करू? उत्तरं आली ती गोष्टींतल्या मुलींची: सिंड्रेला, हायडी, ॲन ऑफ ग्रीन गेबल्स. लोकांना ती मोठी झालेली नकोच होती. १९२८ मध्ये आई गेल्यानंतर तिने केस कापून टाकले, तेव्हा ती पहिल्या पानावरची बातमी झाली. प्रौढ भूमिकेसाठी तिला ऑस्करही मिळालं. पण बोलपटांच्या त्या नव्या काळात प्रेक्षक तिच्यामागे पूर्वीसारखे आले नाहीत. १९३३ नंतर तिने चित्रपटात कामच केलं नाही.

एवढी सत्ता, एवढा पैसा, स्वतःची कंपनी, आणि तरीही त्या कुरळ्या केसांतून सुटका नाही. ‘तिने ते स्वतः निवडलं होतं’ आणि ‘ती त्यात अडकली होती’ ही दोन्ही वाक्यं तिच्याबाबत एकाच वेळी खरी आहेत.

सिमोन द बोव्हार यांचं यावर काय मत होतं?

या फ्रेंच स्त्रीवादी विचारवंत. त्यांनी १९५९ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात ब्रिजित बार्दो या फ्रेंच अभिनेत्रीवर एक निबंधच लिहिला. बायका पुरुषांच्या बरोबरीने वावरू लागल्या, तेव्हा त्यांच्यातलं गूढ अंतर कमी झालं. ते परत आणण्यासाठी चित्रपटांनी ‘बालस्त्री’ घडवली, असा त्यांचा तर्क होता. पण त्यांनी बार्दोला झोडपलं नाही. ती पडद्यावर हवं ते मोकळेपणाने घेते, लाजत नाही, आणि म्हणूनच फ्रान्समधल्या सभ्य लोकांना ती खुपते, असं त्यांनी लिहिलं. साचा ओळखायचा, पण त्या साच्यातल्या बाईला वाऱ्यावर सोडायचं नाही, ही रीत मला अजूनही आदर्श वाटते.

पण हे ती स्वतःच्या मर्जीने करते. मग आपण बोलणारे कोण?

मर्जीचा मान राखलाच पाहिजे. पण मर्जी आहे एवढं म्हटलं की विचार थांबवायचा, हे मला पटत नाही. ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं, हे पाहिल्याशिवाय मर्जीची खरी किंमत कळत नाही.

जानेवारी २०१३ मध्ये जपानमधल्या ‘एकेबी-४८’ या गायिकांच्या समूहातली मिनामी मिनेगिशी मित्राच्या घरून बाहेर पडताना एका साप्ताहिकाच्या छायाचित्रात दिसली. ती २० वर्षांची होती. समूहातल्या मुलींना प्रेमप्रकरण करायची मुभा नव्हती. तिने डोक्याचा चकोट केला आणि कॅमेऱ्यासमोर रडत, वाकून माफी मागितली. तो व्हिडिओ समूहाच्या अधिकृत वाहिनीवर टाकला गेला. निरागसपणा हा विकायचा माल झाला की मोठं होणं हा करारभंग ठरतो.

दुसरं उदाहरण अमेरिकी पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सचं. १९९८ मध्ये, सोळाव्या वर्षी, शाळेच्या गणवेशातल्या व्हिडिओने ती जगप्रसिद्ध झाली. २००८ पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत ती प्रौढ असूनही कायद्याने दुसऱ्यांच्या पालकत्वाखाली होती आणि त्यातला बराच काळ वडिलांच्या. या काळात तिने अल्बम काढले, लास व्हेगासमध्ये वर्षानुवर्षं कार्यक्रम केले, कोट्यवधी डॉलर कमावले. पण स्वतःचे पैसे खर्च करण्याचा हक्क तिला नव्हता. जून २०२१ मध्ये तिने न्यायालयात सांगितलं की मला मूल हवंय, पण गर्भनिरोधक साधन काढू दिलं जात नाही. हे पालकत्व तिच्या फ्रॉकमुळे लादलं गेलं असं मी म्हणत नाही. पण तेरा वर्षं जगाला ते स्वाभाविक वाटलं, याचं एक कारण हेही असावं की तिला मोठी बाई म्हणून पाहायची कुणालाच सवय नव्हती.

सगळ्याच स्त्रियांना अल्लड असण्याची मुभा मिळते का?

नाही, आणि २०११ च्या वादात हा मुद्दा फार उशिरा आला. तेव्हाच्या ‘गोड वेडपट’ तारका जवळजवळ सगळ्या गोऱ्या, सडपातळ आणि खात्यापित्या घरच्या होत्या. त्यांचा गोंधळ लोकांना लोभस वाटत होता. कृष्णवर्णीय बाई तशीच गोंधळली तर तिला बेजबाबदार ठरवतात, जाड बाईला वेंधळी म्हणतात.

जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की अमेरिकेतली प्रौढ माणसं कृष्णवर्णीय मुलींना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त मोठ्या समजतात, तेही पाचव्या वर्षापासून. ज्या मुलींना बालपणच पुरतं मिळत नाही, त्यांच्यासाठी मोठेपणी फुलाफुलांचा फ्रॉक घालून खिदळणं ही मागे पडलेली गोष्ट परत घेणं असू शकतं.

म्हणूनच मला इसा रे ही कृष्णवर्णीय लेखिका-अभिनेत्री महत्त्वाची वाटते. ‘न्यू गर्ल’च्याच वर्षी, २०११ मध्ये, तिने यूट्यूबवर ‘मिसॲडव्हेंचर्स ऑफ ऑकवर्ड ब्लॅक गर्ल’ ही मालिका सुरू केली. तिची नायिकाही बुजरी, चक्रम, मनातल्या मनात रॅप करणारी. तिच्यामागे वाहिनी नव्हती. मालिका पुढे नेण्यासाठी प्रेक्षकांनी वर्गणीतून ५० हजारांहून जास्त डॉलर जमवले. एचबीओ वाहिनीवर तिची ‘इन्सिक्युअर’ ही मालिका यायला २०१६ उजाडलं.

यात प्रत्यक्ष नुकसान काय? कुणाचं काय जातं?

सगळ्यात आधी श्रेय जातं. ब्यर्क या आइसलँडच्या संगीतकर्तीला वर्षानुवर्षं परी, यक्षिणी, वेडं बाळ म्हटलं गेलं. २०१५ मध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक वेबसाइटला दिलेल्या मुलाखतीत तिने सांगितलं की ‘वेस्पर्टाइन’ या २००१ च्या अल्बमचे बहुतेक ताल तिने तीन वर्षं बसून स्वतः रचले, ‘मॅटमॉस’ ही पुरुषांची जोडी अगदी शेवटी कामात आली, तरीही सगळं श्रेय त्यांना दिलं गेलं. त्या दोघांनी ते नाकारलं तरी कुणी ऐकेना. पुरुषाने एकदा सांगितलेलं बाईला पाचदा सांगावं लागतं, असं ती म्हणाली. परी संगीत रचते यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण परी काही काम करत नसते.

मग लाडिक आवाजावर तरी टीका करावी का?

फेब्रुवारी २०११ मध्ये विनोदी लेखिका-अभिनेत्री टीना फेच्या ‘३० रॉक’ या मालिकेचा एक भाग याच विषयावर होता. लाडिक, बाळबोध आवाजात बोलणारी एक तरुण विनोदी अभिनेत्री कामाला येते. फेचं पात्र तिला ‘सुधारायला’ निघतं, तिचा खरा आवाज जगासमोर आणतं. मग कळतं की मारकुट्या माजी नवऱ्यापासून लपण्यासाठी तिने ते रूप घेतलं होतं. मी या भागाकडे पुन्हा पुन्हा वळते. दुसरीच्या आवाजामागचं कारण आपल्याला माहीत असतंच असं नाही.

म्हणजे बाईच बाईची शत्रू, हेच खरं ना?

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. दोन अर्थतज्ज्ञ भांडले तर त्याला मतभेद म्हणतात, दोन लेखिका भांडल्या तर तो झिंज्या उपटण्याचा खेळ ठरतो. क्लाउस्नरचा लेख हा विचार होता आणि डेशनेलचं उत्तरही विचार होता.

टीकेचा पत्ता मात्र चुकू नये. ‘मोठी हो’ असं एका अभिनेत्रीला सांगून साचा मोडत नाही. जाहिरात कुणी ठरवली, पस्तिशीनंतर भूमिका का आटतात, मुखपृष्ठासाठी कोणता फोटो निवडला गेला, हे विचारलं की चर्चा योग्य दारात पोचते. आणि त्या दारामागे दर वेळी पुरुषच असतात असंही नाही: ‘न्यू गर्ल’ची निर्माती-लेखिका एलिझाबेथ मेरिवेदर होती आणि डेशनेल स्वतः निर्मात्यांपैकी एक होती.

पुरुष कलाकार पोरकटपणा करतात, त्यांना कुणी काही म्हणतं का?

फारसं नाही. चाळिशीतही व्हिडिओ गेम खेळत सोफ्यावर पडलेला नायक हा अमेरिकी विनोदी चित्रपटांचा लाडका विषय होता. त्याच्या पोरकटपणामुळे सगळ्या पुरुषजातीचं काय होईल, असं कुणी विचारलं नाही.

अशा तारका ‘मी स्त्रीवादी नाही’ म्हणतात, त्याचं काय करायचं?

गायिका केटी पेरी २०१२ मध्ये ‘बिलबोर्ड’चा स्त्रीगौरव पुरस्कार घेताना तसं म्हणाली होती. गायिका टेलर स्विफ्टनेही त्याच वर्षी तो शब्द टाळला आणि २०१४ मध्ये तो स्वीकारला. पुढे आपल्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांच्या मालकीसाठी तिने जे केलं, म्हणजे जुने अल्बम नव्याने गाऊन काढणं आणि २०२५ मध्ये मूळ मुद्रणं विकत घेणं, ते बघता तिने कोणतं बिरूद कधी लावलं याला मी फार वजन देत नाही.

हा वाद आता जुना झाला का?

२०२३ मध्ये दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगच्या ‘बार्बी’ चित्रपटाने गुलाबी रंगासह जगभरात १ अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली. त्याच सुमारास रिबिनी, लेस आणि ‘कोकेट’ (म्हणजे नखरेल, लाडिक) फॅशन परत आली, मोठ्या बायका स्वतःला हौसेने ‘गर्ल’ म्हणवून घेऊ लागल्या. २०२५ च्या जूनमध्ये पॉप गायिका सब्रिना कार्पेंटरने नव्या अल्बमचं मुखपृष्ठ दाखवलं. ती गुडघ्यांवर, आणि सूट घातलेल्या कुणीतरी तिचे केस धरलेले. आठवडाभर पुन्हा तेच दोन तट पडले.

एक फरक मात्र दिसतो. या वेळी बऱ्याच जणींनी तिच्या झालरींच्या कपड्यांबद्दल न बोलता त्या चित्रात ताबा कोणाकडे आहे हे विचारलं, आणि तिच्या गाण्यांचे शब्द पुढे ठेवून वाद घातला. तिची बाजू घेणाऱ्याही शब्दांवरच बोलत होत्या. गाणी ती स्वतः लिहिते, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं.